देवणीच्या बाजारात अनवाणी

चपला इथंच काढून ठेवा. मोबाइल, पाण्याची बाटली, खिशातली सॅनिटायझरची कुपीसुद्धा. डोक्याला मुंडासं गुंडाळा आणि चला. निजामाचा अंमल आहे, हाली रुपया चालतो, आणि पेनिसिलिन हा शब्द जगात अजून कुणाच्या कानावर पडलेला नाही. देवणीत बैलबाजार भरलाय आणि त्याच्या मधोमध तुम्ही अनवाणी उभे आहात.

बाजार आधी नाकाला कळतो. ओलं शेण, कडबा, करडईच्या तेलात सुटलेली भजी, बिडीचा धूर, घामेजलेली जनावरं. मग कान भरतात. घुंगरमाळांचा नाद थांबतच नाही. एका कानात मराठी, दुसऱ्या कानात कानडी, मागून कुणी दखनीत भाव पाडतोय, पुढं कुणी तेलुगूत हुज्जत घालतोय. पायाखालची काळी माती तापून तव्यासारखी झालीय. बैल मात्र बघत राहावेत असे आहेत. अंगानं पांढरा नि तोंडाच्या कडांना काळा तो वानेरा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विस्कटलेत तो शेवरा. जवळजवळ सगळाच पांढरा तो बालांक्या. ही देवणी जात. गावाचं नाव जनावराला लागावं, एवढी माया या मातीनं त्यांच्यावर केलीय.

एक दलाल तुमचा हात धरतो, वर पंचा टाकतो आणि आत बोटं दाबायला लागतो. सौदा असाच ठरतो, तोंडानं आकडा काढायचा नाही. त्याचा तळवा घामानं चिंब आहे, तुमचाही. चारी बाजूंनी खांद्याला खांदे घासतायत. एवढ्या लोकांचा घाम अंगाला लागतोय म्हणून तुम्ही आकसून घेता. आकसू नका. घामाला आपण उगाच बदनाम केलंय, असं मला मनापासून वाटतं. त्या खारट पाण्यात घामाच्या ग्रंथींनी सोडलेलं डर्मसिडिन नावाचं प्रथिन आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी ते 2001 साली शोधलं. त्याचे तुकडे घामाच्या खारटपणातही जंतू मारतात. जखम होवो न होवो, ते कातडीवर पसरलेलं असतंच. या बाजारातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर आहे, फक्त कुणाला ठाऊक नाही.

आई गं!

बाभळीचा काटा. टाचेत खोल मोडलाय. तुम्ही लंगडत आडतीच्या ओट्याशी जाता आणि खाली बसता. गवऱ्यांची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी वळून बघते.

"का झालं रं लेकरा? काटा मोडला? पाय हिकडं दे."

ती दुसऱ्या काट्यानं काटा काढते. तुम्ही दात आवळता. रक्ताचा थेंब येतो, त्यावर ती हळद दाबते आणि लुगड्याची चिंधी करकचून बांधते. "जा. काई होत नाई." तिनं केलं ते एवढंच. उरलेलं काम तुमच्या टाचेनं त्याआधीच सुरू केलंय.

काट्याबरोबर शेणमातीतले जंतू आत गेलेत. त्यांची चाहूल लागताच फाटलेल्या कडेच्या कातडीच्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त छोटे छोटे प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, बनवू लागल्यात. त्यातलं एक कुटुंब डिफेन्सिनचं. दुसरा तुकडा एलएल-37. अमिनो आम्लांचे अवघे 37 मणी एका दोऱ्यात ओवावेत, एवढाच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही धावत येतात. त्यांच्या पोटात हाच दारूगोळा आधीपासून भरलेला असतो.

हे मारतात कसं, ते इथंच दिसेल. ओट्यावर हमाल जवारीचं पोतं शिवतोय, हातात दाभण आहे. समजा त्यानं तेच दाभण भरल्या पोत्यात दहा-वीस ठिकाणी खुपसलं. जवारी भुरभुर गळेल, पोतं खाली बसेल. जंतूचं असंच होतं. या पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो, आणि जंतूच्या आवरणावर ऋण. दोघं एकमेकांकडे ओढले जातात, पेप्टाइड आवरणात घुसतं, भोकं पडतात, आतला ऐवज बाहेर सांडतो. तुमच्या स्वतःच्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित असते आणि तिच्यात कोलेस्टेरॉलही असतं, म्हणून दाभण तिकडे फारसं वळत नाही. काही पेप्टाइडं तर आवरण न फाडता आत शिरून जंतूचा कारभारच बंद पाडतात. आणि एलएल-37 मारता मारता हाकही घालतं, आणखी पांढऱ्या पेशी बोलावून आणतं.

ओट्याच्या पलीकडे, सावलीत, बाजेवर एक माणूस पडलाय. त्याच्याकडेही बघा, नजर चुकवू नका. त्याच्याही पायात काटाच मोडला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, कातडी तकतकीत झालीय, अंगात फणफणून ताप आहे. बायको पाण्याची पट्टी बदलत बसलीय. शरीराची ही फळी कधी कधी फुटते. जंतू फार असतात, किंवा पेप्टाइडांचे तुकडे करणारी विकरं त्यांच्याकडे असतात. तशा वेळी इथं कुणाकडे काहीच नाही. जुना काळ निरोगी होता असं कुणी म्हणालं, की मला ही बाज आठवते.

बाजार उठतो. म्हातारी तुम्हाला घरी नेते, कारण लंगडत जाणार कुठं? रात्री गरम भाकरी, पिठलं, ठेचा. मग गोठ्यातून हंबरणं ऐकू येतं. गाय व्यायला झालीय.

गोठ्यात दिव्याची एक वात, उबदार ओलसर वास, गव्हाणीत कडब्याची कुजबुज. वासरू खाली येतं. चिकट, वाफाळणारं, थरथरणारं. गाय वळते आणि चाटायला लागते. जवळ बसा, तिची जीभ एकदा तुमच्या हातावरून फिरू द्या. कानशीच! या जिभेनं ती दिवसभर धसकटं, कुसळं, काटेरी झुडपं ओरबाडते. रोज ओरखडे पडत असणार. मग ही जीभ सडत का नाही?

हाच प्रश्न अमेरिकेत मायकेल झासलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. हे तेच झासलॉफ, ज्यांना शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्यातही बिनतक्रार बरे होताना दिसले आणि 1987 मध्ये बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन हे जंतू मारणारं पेप्टाइड सापडलं. 1991 मध्ये त्यांच्या गटाला गाईच्या श्वासनळीत असं एक पेप्टाइड मिळालं. बाजारातला एवढा धुरळा ओढूनही ती का तगते, त्याचं थोडं उत्तर तिथं होतं. 1995 मध्ये जीभ तपासली, तर तिथंही पेप्टाइड निघालं, आणि जिथं इजा झाली होती तिथं ते जास्त बनत होतं. तुमच्या टाचेत आणि या गाईच्या जिभेत आज एकच काम चाललंय.

वासरू धडपडत उठतं. दारातून म्हातारा म्हणतो, "वार पडू दे आदी, मंग पाज." म्हातारी ऐकत नाही. वासराचं तोंड कासेला लावते. "वार पडंल तवा पडंल. लेकरू उपाशी का ठिवायचं?" पिवळा, दाट चीक वासराच्या ओठांवरून ओघळतो. खरवस उद्या होईल, तोही उरला तर.

तिला ठाऊक नाही, पण तिचं बरोबर आहे. पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. आणि आतड्याचं दार ती आत घ्यायला पहिले काही तासच नीट उघडं असतं, दिवसभरात मिटतं. चिकात लॅक्टोफेरिनही असतं. ते जंतूंच्या तोंडचं लोह पळवतं, आणि पोटातल्या पेप्सिननं त्याचे तुकडे केले की त्यातून लॅक्टोफेरिसिन निघतं. तेही एक दाभणच.

पहाट झाली. चला परत. टाच अजून ठणकतेय ना? ठणकू द्या, आत काम सुरू आहे.

चपला घालण्याआधी एकच मागणं. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या गोठ्यात गाय व्यायली, तर वार पडायची वाट पाहू नका. तासाभरात वासराला चीक पाजा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या एक दशांश तरी त्याच्या पोटात जाऊ द्या. खरवसाची वाटी त्यानंतर.