धन्वंतरीच्या नांवावर खपविलेलें गोस्तन-मसूरिकेचें प्रकरण

'देवी' हा शब्द महाराष्ट्रांत रोगास लावीत, रोग आणणाऱ्या देवतेस लावीत, आणि पुढें त्या रोगावरील लस टोचण्यासही 'देवी काढणें' असेंच म्हणूं लागले. आमच्या दंडावर तो वण अद्याप आहे. परंतु ही लस नवी होती त्या काळीं आपल्या मुलाचा दंड पुढें करण्यास अनेक आईबाप राजी नसत; व त्यांस राजी करण्यासाठीं चक्क एक प्राचीन ग्रंथ निर्माण करण्यांत आला. जुन्या पोथ्या जमविणाऱ्यांस ही हकीकत ठाऊक असणें अवश्य आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

जेनर यांनीं आपला शोध १७९८ सालीं प्रसिद्ध केला. बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें आलेली लस मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलीस लागू पडली, व तिच्या दंडावरून ती हिंदुस्थानभर गेली. 'दंडावरून' हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा. वाटेंतील उष्म्यानें सुकी लस निकामी होई. म्हणून एका मुलास टोचावें, आठव्या दिवशींच्या सुमारास त्याचा फोड उघडून त्यांतील पाणी दुसऱ्या मुलास टोचावें, अशी ही साखळी होती. आधींचें मूल कोणत्या जातीचें, कोणत्या घरचें, त्यास आणखी कोणता रोग आहे, हें आईस कोण सांगणार? शिवाय आपल्या मुलाचा फोड परक्यासाठीं फोडूं देणें हें तिला अपायकारक वाटे. देवीच्या कोपाचें भय होतेंच. नकारामुळें किती बालकें दगावलीं, किती आंधळीं झालीं, याची गणती नाहीं. तथापि हा नकार केवळ मूढपणाचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. खुद्द इंग्लंडांत १८५३ च्या सक्तीच्या कायद्याविरुद्ध आईबाप इतके झगडले कीं १८९८ सालीं सरकारास त्यांना सवलत द्यावी लागली.

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. 'मद्रास कूरियर' पत्राच्या १२ जानेवारी १८१९ च्या अंकांत 'कल्वि विरुम्बोन्', म्हणजे विद्येचा चाहता, अशा सहीचें एक पत्र आलें. धन्वंतरीकृत म्हणविलेल्या 'शाक्तेय ग्रंथा'च्या आधारें त्यांत असें प्रतिपादिलें होतें कीं, गाईच्या सडावरील अथवा मनुष्याच्या खांद्याकोपरामधील फोडाचें पाणी शस्त्राच्या टोंकावर घेऊन दंडांत टोचण्याचा विधि आपल्याकडे प्राचीनच आहे. मद्रासेंतील अधिकारी एफ्. डब्ल्यू. एलिस यांनीं याच हेतूनें शक्ति व धन्वंतरी यांच्या संवादरूपानें तमिळांत एक रचना केली होती. त्यामुळें संशय त्यांच्याकडेच जातो. डॉमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं या साऱ्याचा छडा लावून त्यास 'धार्मिक कपट' म्हटलें आहे. मौज अशी कीं, 'एझूर वेदम्' हा वेद नसून मिशनऱ्यांचें कृत्रिम लेखन आहे हें दाखविणारेही हेच एलिस. त्यांचा तो निबंध त्यांच्या निधनानंतर १८२२ सालीं प्रसिद्ध झाला.

वैद्यकग्रंथ चाळलेल्यास तो उतारा पाहतांच शंका यावी. सुश्रुतानें मसूरिका क्षुद्ररोगांत घातली, माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें, भावप्रकाशांत शीतलेचें स्तोत्रही आहे. परंतु गाईच्या सडावरील फोडाचा उपयोग यांपैकीं कोठेंच नाहीं. उलट 'खांद्याकोपरामधील' ही खूण तर जेनरच्या अनुयायांच्या पद्धतीशीं हुबेहूब जुळते. मनुष्याच्याच देवीचा पू टोचण्याची चाल बंगाल्यांत होती, व हॉलवेलनें १७६७ सालीं तिचें वर्णन केलें आहे. ती खरी, पण ती निराळी, आणि तींत प्रत्यक्ष देवी उठत.

हेतु चांगला होता, हें आम्ही मान्य करतों. परंतु आईचें भय दुसऱ्याच्या मुलाच्या फोडाविषयींचें होतें. तिला श्लोक दाखवून काय होणार? ज्यांच्यासाठीं हें कपट रचलें ते बाजूसच राहिले, आणि फसले ते विद्वान! गोंडळचे ठाकूर भगवतसिंहजी यांनीं १८९६ सालच्या आपल्या आर्यवैद्यकाच्या इतिहासांत तोच उतारा धन्वंतरीचा म्हणून घेतला, व तेथून तो व्याख्यानांत शिरला.

कोणा संग्राहकाजवळ असें प्रकरण असलेली पोथी असल्यास तिचा कागद, अक्षर व पुष्पिका तपासावी. आणि तींतील शक १७२० पूर्वींचा असल्यास तीं पानें नंतर घातलेलीं नाहींत ना, हें शिवण उसवून पाहावें.