गोळी आणि वरण

अण्णांना कंपवात होता. सकाळी सहाची गोळी त्यांना अर्ध्या तासात अंगणात न्यायची. दुपारी जेवणानंतरची तीच गोळी मात्र काही केल्या लागू पडत नसे. गोळ्या बनावट असाव्यात, अशी आम्हा भावंडांची जवळजवळ खात्रीच झाली होती. खरं कारण मला फार उशिरा, जुने शोधनिबंध चाळताना सापडलं.

कंपवातात मेंदूला डोपामिन कमी पडतं. मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. १९१३ साली एडविन गोल्डमान यांनी दाखवलं, की मेंदूभोवतीच्या द्रवात टोचलेला निळा रंग मेंदूला रंगवतो. रक्तात टोचलेला मात्र मेंदूला कोरा सोडून बाकी शरीर निळं करतो. त्याच वर्षी मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्यापासून लेव्होडोपा वेगळं केलं, अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं आणि ओकून टाकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तो जुळायला १९५७ उजाडलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन टोचलं. हे सर्पगंधेतलं द्रव्य. याच मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता. ससे कान पाडून निपचित पडले. डोपा टोचताच उठून बसले! पुढे व्हिएन्नात हॉर्निकिविच आणि बिर्कमायर यांनी १९६१ साली ते रुग्णांना दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली.

डोपामिनला बंद असलेलं दार डोपाला कसं उघडतं? ते दार औषधासाठी नाहीच; ते अन्नासाठी आहे. टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन अशी अमिनो आम्लं पेशीपटलातलं एक वाहक प्रथिन आत नेतं. टायरोसिनपासून मेंदू डोपामिन घडवतो, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. डोपा हे टायरोसिनचंच भावंड, म्हणून त्याच रांगेतून आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. हे वाहक प्रथिन नेमकं कोणतं, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधलं.

रांग म्हटली की रेटारेटी आलीच. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन नट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा सतत चालू ठेवलं आणि भरपूर प्रथिनांचं जेवण दिलं. रक्तातलं औषध तसूभरही कमी झालं नाही, तरी अंग पुन्हा आखडलं. नुसतं ल्युसिन किंवा फेनिलॲलनिन देऊनही तेच झालं. ग्लायसिन आणि लायसिन देऊन मात्र काही बिघडलं नाही, कारण त्यांची दारं वेगळी.

अण्णांचं दुपारचं जेवण म्हणजे वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ आणि वर दही. लवकर बरं वाटावं म्हणून आईच आग्रहानं वाढायची. डॉक्टरांना विचारून आम्ही गोळी जेवणाआधी अर्धा तास आणली आणि वरण-उसळ रात्रीवर ढकलली. चौथ्या दिवशी दुपारी अण्णांनी स्वतःच्या हातानं ताक ओतून घेतलं. आईनं वरणाचं पातेलं मात्र कित्येक दिवस दुपारीच चुलीवर चढवलं.