ध्वनिपातळी नियंत्रक परिपथांतील स्विचिंगचा गोंगाट : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना येणारी खरखर अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. पोटेन्शिओमीटरमधील कार्बनची पट्टी झिजली वा तीवर धूळ साचली की सरकता संपर्क अधूनमधून तुटतो व खरखर उत्पन्न होते. हा संपर्कच काढून टाकण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. तथापि प्रत्येक उपायाबरोबर गोंगाटाचे नवे कारण पुढे आले. त्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संपर्काकडून स्विचकडे

अमेरिकन अभियंता डेव्हिड ब्लॅकमर यांना १९७३ मध्ये विद्युतदाब-नियंत्रित प्रवर्धकाच्या परिपथाचे पेटंट मिळाले. त्यात सरकता संपर्क नव्हता. परंतु अशा प्रवर्धकाचा अंतर्गत समतोल ढळल्यास नियंत्रक दाबच ध्वनीत मिसळून 'धप्प' असा आवाज येतो.

दुसरा मार्ग सीमॉस स्विचचा होता. आरसीए कंपनीने १९६८ मध्ये सीमॉस चिपची ४००० मालिका आणली. पुढे रोधांच्या साखळीतील टप्पे अशा स्विचने निवडता येऊ लागले. येथे खटक्याची दोन कारणे आढळतात. तरंग शिखरावर असताना पातळी बदलल्यास त्यात पायरी पडते; अशा पायऱ्या लागोपाठ पडल्या की 'झिपर नॉइज' ऐकू येतो. तसेच स्विचच्या गेटवरील दाब बदलताच तेथील धारकतेमार्फत विद्युतभार ध्वनिमार्गात शिरतो. मग संगीत चालू असो वा नसो.

क्षणाची निवड

१९९० च्या दशकातील सीएस३३१० या चिपमध्ये ८ बिटांच्या संकेताने −९५.५ ते +३१.५ डेसिबलपर्यंतची पातळी ०.५ डेसिबलच्या टप्प्यांनी ठरवता येत असे. असा एक टप्पा म्हणजे तरंगाच्या उंचीत सुमारे ६ टक्के बदल होय. शिवाय तरंग शून्यावरून जात असतानाच बदल घडवण्याची सोय तीत होती. तरंग शून्यावर न आल्यास काही मिलिसेकंदांनी बदल आपोआप होई.

या उपायालाही मर्यादा आहेत. मार्गात एकदिश दाब शिल्लक असल्यास पातळीबरोबर तोही बदलतो व खटका उरतो. त्यासाठी कपॅसिटरने तो अडवावा लागतो. गेटमधून शिरणाऱ्या भारावर तर शून्यक्षणाचा काहीच परिणाम होत नाही.

निष्कर्ष

पातळी किती बदलावी या प्रश्नास केव्हा बदलावी या प्रश्नाची जोड मिळाली, हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. मात्र झीज, पायरी, एकदिश दाब व गेटचा भार या भिन्न व्याधी असून त्यांवर एकच औषध चालत नाही. म्हणून परिपथ रचणाऱ्याने प्रथम गोंगाटाचे मूळ ओळखणे आवश्यक ठरते.