पदचिन्हांचे प्रामाण्य : माग, बनावट ठसे आणि व्याघ्रगणना

ताम्रपट, शिलालेख, नाणी, कागदपत्रे इत्यादी साधनांची चिकित्सा कशी करावी, याचे नियम इतिहासशास्त्राने पुष्कळच काटेकोरपणे बांधलेले आहेत. त्या मानाने जमिनीवर उमटलेल्या पावलाच्या ठशाकडे पुराव्याचे एक साधन म्हणून फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः माग काढण्याची विद्या लेखनकलेहूनही प्राचीन आहे. आणि जेथे पुरावा आला तेथे त्याचा बनावही येतो, या न्यायाने खोट्या पावलांची परंपराही तिच्याइतकीच जुनी असली पाहिजे. ठसा केव्हा विश्वसनीय मानावा व केव्हा मानू नये, या प्रश्नाची काही ऐतिहासिक उदाहरणे येथे विचारात घ्यावयाची आहेत.

संस्कृत साहित्यातील एक मार्मिक उदाहरण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात आढळते. द्यूतात दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळ काढतो आणि पाठलाग चुकविण्यासाठी एका ओस देवळात उलट्या पावलांनी शिरून मूर्तीच्या जागी उभा राहतो. मागावर आलेला द्यूतगृहाचा चालक माथुर मात्र फसत नाही. पावले उलटी आहेत आणि देवळात तर मूर्तीच नव्हती, या दोन गोष्टी एकत्र आणून तो संवाहकाची युक्ती ओळखतो. केवळ ठसा पाहून येथे निर्णय झालेला नाही. ठसा आणि स्थळाची माहिती यांचा मेळ बसत नाही, हे लक्षात आल्यामुळे तो झालेला आहे. बनावट ओळखण्याचे हे पहिले तत्त्व होय.

दुसरे तत्त्व महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत सापडते. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढावा, अशी रीत होती. माग शेजारच्या गावापर्यंत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे व पुढील शोधाचा भार दुसऱ्यावर पडे. माग ज्या गावी स्पष्टपणे पोचला, ते शेवटचे गाव चोरीच्या मालास जबाबदार धरले जाई. या रीतीतील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. शेजारच्या गावाला तो माग नाकारण्यातच हित असे. असे असता त्यानेही तो मान्य केला, तर त्या ठशाला खरे प्रामाण्य प्राप्त होई. वाचणाऱ्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व विरुद्ध पक्षाने केलेल्या परीक्षेला होते.

जनावरांच्या मागाचे वाचन याहून अवघड असते. वाघाच्या पुढच्या पायाला पाच बोटे असली तरी जमिनीवर चारच उमटतात. चालताना नख्या आत ओढलेल्या असल्याने त्यांच्या खुणा सहसा दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत त्या दिसतात. तळव्याच्या गादीची मागील कड तीन भागांत विभागलेली असणे, ही मार्जारकुलाची खूण होय. परंतु ठसा म्हणजे केवळ पायाची आकृती नव्हे. पाय, जमीन आणि गती या तिघांच्या संयोगातून तो निर्माण होतो. संथ चालीत वाघाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या लगत पडतो. चाल वाढली की तो त्याच्या पुढे जातो. चिखलात ठसा पसरतो, कोरड्या धुळीत त्याच्या कडा ढासळतात, उतारावर बोटे फाकतात. एकाच वाघाची एकाच सकाळची दोन पावले तंतोतंत सारखी नसतात. जिवंत पायाचा ठसा बदलता असतो, हे या विद्येचे मूलसूत्र म्हणता येईल.

या सूत्राच्या आधारे विसाव्या शतकातील दोन प्रसिद्ध बनाव तपासता येतात. स्कॉटलंडमधील नेस सरोवरात प्रचंड प्राणी असल्याची वदंता १९३३ साली जोरात होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या ‘डेली मेल’ने पाठविलेल्या वेदरेल नामक शिकाऱ्याला सरोवराच्या काठी मोठाली पावले आढळली. त्यांचे प्लॅस्टरचे साचे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेले आणि १९३४ च्या जानेवारीत तज्ज्ञांनी निर्णय दिला की, ती पावले पाणघोड्याची होत. पाणघोड्याच्या वाळवून जतन केलेल्या एकाच पायाने ती उमटविली होती. चार पायांचा प्राणी एकाच पायाने चालत नाही. ठशांचा सारखेपणाच त्यांच्या खोटेपणाची साक्ष ठरला.

दुसरे प्रकरण अमेरिकेतील फ्लोरिडाचे. तेथील क्लिअरवॉटर गावाच्या समुद्रकाठी १९४८ साली तीन बोटांची भली मोठी पावले दिसली. प्राणिविषयक लेखक आयव्हन सँडरसन यांनी ती बारकाईने तपासली आणि ती महाकाय पेंग्विनची असावीत, असे मत दिले. इतके खोल ठसे माणसाला उमटविता येणार नाहीत, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. १९८८ साली एका स्थानिक गृहस्थाने आपली करामत उघड केली. प्रत्येकी सुमारे १४ किलो वजनाची लोखंडी पादत्राणे त्याने वापरली होती. सँडरसन यांची मोजमापे काळजीपूर्वक घेतलेली होती. परंतु ‘हे कोणी केले असेल काय’ हा प्रश्न त्यांनी फार लवकर निकालात काढला.

बनावट ठशांनी कुतूहलाखेरीज फारसे नुकसान केले नाही. खऱ्या ठशांच्या चुकीच्या वाचनाने मात्र भारतात गंभीर परिणाम घडविला. ठशांवरून वाघ मोजण्याचा प्रयोग १९३० च्या दशकात पलामूच्या जंगलात निकल्सन या वनाधिकाऱ्याने केला होता. १९६६ साली ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी त्यास पद्धतीचे रूप दिले. ठशावर काच धरून डाव्या मागच्या पायाची आकृती काढावयाची, ती कागदावर उतरवावयाची आणि आकृत्यांची तुलना करून वाघ वेगवेगळे ओळखावयाचे, अशी ती पद्धत होती. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ हा आकडा निघाला आणि पुढील वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पद्धत स्वस्त होती. तिच्यामुळे वनरक्षक पायी जंगलात फिरले, हा लाभही लहान नव्हता.

तथापि तिचे गृहीतकच नाजूक होते. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा असतो, हे मान्य केले तरी प्रत्येक वेगळा ठसा वेगळ्या वाघाचा असतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही. उल्लास कारंथ यांनी चार बंदिस्त वाघांच्या ठशांच्या आकृती अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या, तेव्हा खरी संख्या कोणालाही सांगता आली नाही. त्यांची ही चिकित्सा १९८७ साली प्रसिद्ध झाली. तरीही गणना त्याच पद्धतीने चालू राहिली आणि २००१–०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ असल्याचे जाहीर झाले. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात २००४ साली कागदोपत्री पंधराहून अधिक वाघ होते. २००५ च्या आरंभी तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले व केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीनेही ते खरे ठरविले. चोरटी शिकार चालू असताना कागदावर वाघ नांदत होते.

या घटनेनंतर नेमलेल्या व्याघ्र कृतिगटाच्या २००५ च्या अहवालानंतर जुनी गणना मागे पडली. वाटेवर लावलेले कॅमेरे, पट्ट्यांच्या रचनेवरून पटणारी ओळख आणि संख्याशास्त्रीय अनुमान यांवर नवी पद्धत उभारण्यात आली. २००६ च्या पाहणीचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला अंदाज १,४११ होता. दोन आकड्यांमधील सर्व अंतर म्हणजे नष्ट झालेले वाघ, असे अर्थात म्हणता येत नाही. कारण मोजण्याची रीतच बदलली होती. पण त्या अंतरातील किती वाघ मारले गेले आणि किती मुळात नव्हतेच, हे आता ठरविता येत नाही. चुकीच्या साधनाने झालेली ही हानी भरून येण्याजोगी नाही.

नेस सरोवराच्या काठी सारखेपणावरून खोटेपणा ओळखला गेला. व्याघ्रगणनेत वेगळेपणा म्हणजे संख्या मानली गेली. दोन्हींचा उलगडा जिवंत पाऊल बदलते असते या एकाच नियमात आहे. परंतु नियम ठाऊक असणे पुरेसे नाही. ज्या अधिकाऱ्यांवर वाघ राखण्याची जबाबदारी होती, त्यांच्याच हाती वाघ मोजण्याचे कामही होते. कमी आकडा सांगण्यात त्यांचे हित नव्हते आणि आकडा नाकारण्याचा अधिकार असलेले शेजारचे गाव येथे नव्हते. एल्फिन्स्टनने नोंदविलेल्या जुन्या रीतीत ही उणीव नव्हती. माग काढणारा कितीही निष्णात असो, त्याचा माग सीमेपलीकडच्या माणसाने तपासल्यावाचून सिद्ध मानला जात नसे.