‘का करण्यात येऊ नये’ची कुळकथा

सरकारी नोकरीत मुरलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असते: ‘सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.’ तलाठी असो की तहसीलदार, कारणे दाखवा नोटिशीचा मजकूर तोच. पण वाक्य जरा विचित्र आहे. एखाद्यावर वहीम असेल तर ‘तुम्ही हे केलेत का?’ असे विचारायला हवे. इथे प्रश्न उलट्या टोकाने येतो. कारवाईचे जवळजवळ ठरलेले आहे. ती थांबवण्याजोगे काही असेल तर तुम्हीच बोला.

हे उलटे टोक आले कुठून, याचा धागा मला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांत सापडला. याचिका सुनावणीला घेतली की आदेशात एकच शब्द पडतो, ‘रूल’. लगेच ऐकायची असेल तर ‘रूल रिटर्नेबल फोर्थविथ’, मंजूर झाली की ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’, फेटाळली की ‘रूल डिस्चार्ज्ड’. हा ‘रूल’ इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाचा ‘रूल नायसाय’ आहे. नायसाय म्हणजे लॅटिनमध्ये ‘नसल्यास’. एका पक्षाचे ऐकून न्यायालय हुकूम तात्पुरता देऊन टाकी आणि दुसऱ्या पक्षाला कळवी, की अमुक तारखेला हजर राहून कारण दाखव, नाहीतर हाच हुकूम कायम. आधी निर्णय, मग ‘का नको’.

कारणे दाखवा नोटिशीचे कूळ हेच, असे माझे ठाम मत आहे. अर्थात दुसरे दावेदार आहेत, आणि त्यातला पहिला भलताच रंगतदार आहे. प्लिमथ नगरीचा जेम्स बॅग हा तिथल्या प्रमुख नगरजनांपैकी एक. त्याने महापौराला शिवीगाळ केली, शिवाय त्याच्याकडे पार्श्वभाग वळवून तिथे मुका घेण्याचे आमंत्रण दिले. नगरसभेने त्याचे पद काढून घेतले. १६१५ साली सर एडवर्ड कोक यांच्या न्यायालयाने ते परत करायला लावले, कारण काढण्यापूर्वी बॅगला ऐकून घेतले नव्हते. पुढे १७२३ मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या काढून घेतलेल्या पदव्याही अशाच परत करवल्या गेल्या; तेव्हा एका न्यायमूर्तींनी खुद्द ईश्वरानेही आदमला शिक्षा करण्याआधी त्याचे ऐकले होते, असा दाखला दिला. नैसर्गिक न्यायावर लिहिणारे सगळे आपली विभागीय चौकशी इथूनच सुरू करतात. पण बॅग आणि बेंटली यांच्यापासून ‘ऐकून घ्या’ एवढेच मिळते. केव्हा ऐकायचे, आरोप ठेवताना की शिक्षा ठरल्यावर, याचे उत्तर तिथे नाही. आणि आपल्याकडची पुढची सगळी भांडणे या ‘केव्हा’वरच झाली.

राजाची मर्जी असेतो नोकरी, हे इंग्रजी तत्त्व सर्वपरिचित आहे. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने हिंदुस्थानात त्या मर्जीला पहिली वेसण घातली: नेमणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने काढायचे नाही. पाठोपाठ १९३० चे वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियम आले. त्यांतला नियम ५५ महत्त्वाचा. कोणत्या कारणांवरून कारवाई योजली आहे ते कर्मचाऱ्याला लेखी कळवा आणि त्याला बचावाची पुरेशी संधी द्या, असे तो सांगे. कागदावर हे उत्तम होते. पण मद्रासच्या सरकारी छापखान्यातल्या वेंकट राव नावाच्या मुद्रितशोधकाला परीक्षेचे पेपर फुटल्याच्या संशयावरून नियमाप्रमाणे चौकशी न करता काढले, आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या अखेरच्या अपील न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा उत्तर मिळाले: नियम मोडला हे खरे, पण त्यासाठी दावा चालत नाही, वरिष्ठांकडे अपील करा. ज्या सरकारने काढले त्याच सरकारच्या वरच्या मजल्यावर दाद मागायची! ‘शिस्त’ आणि ‘अपील’ हे शब्द आपल्या १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांच्या नावातही असे शेजारी शेजारी बसलेले आहेत, ते त्या १९३० च्या घराण्यातूनच.

आता मुद्द्याची जागा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० मध्ये हे संरक्षण नियमांतून उचलून थेट कायद्यात घातले गेले, आणि घालताना शब्द बदलले. ‘योजलेली कारवाई’ नियम ५५ मधून आली. ‘बचाव’ मात्र गेला आणि त्याच्या जागी ‘योजलेल्या कारवाईविरुद्ध कारण दाखवण्याची वाजवी संधी’ आली. माझ्या विरोधात बोलणारे म्हणतील, नियम ५५ चाच हा आटोपशीर मसुदा. किंग्ज बेंचपर्यंत जायचे कशाला? पण बचाव आणि कारण दाखवणे या एकाच गोष्टी नाहीत. बचाव आरोपाविरुद्ध असतो, कारण हुकुमाविरुद्ध दाखवतात. मसुदा करणाऱ्याने जुन्या नियमाच्या खोडावर न्यायालयी डोळा भरला.

हा डोळा त्याला दूरच्या लंडनहून आणावाही लागला नसेल. हिंदुस्थानातल्या प्रत्येक जिल्ह्यात तो रोज वापरात होता, आणि इथे मला सर्वांत जास्त मौज वाटते. पोलीस ठाण्यात ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणातून आली. शांतता भंग होईल अशी खबर मिळाली की दंडाधिकारी आधी लेखी हुकूम काढी, त्यात खबरीचा सारांश आणि जामिनाची रक्कमही लिही, आणि मग त्या माणसाला विचारी, हे बंधपत्र का लिहून घेऊ नये याचे कारण दाखव. शिक्षा आधी लिहिलेली, खुलासा मागाहून! सकाळी दंडाधिकारी म्हणून असे हुकूम काढणारा कलेक्टरच दुपारी आपल्या कारकुनांवर शेरे मारत होता. ‘का करण्यात येऊ नये’ ही भाषा कचेरीत शिरायला याहून सोपी वाट कोणती?

कुणी याला दूरान्वय म्हणेल. मग आय. एम. लाल यांचा खटला पाहा. लाल पंजाबातले आयसीएस अधिकारी. त्यांना नोटीस गेली ती अशी, की बडतर्फी, काढून टाकणे, पदावनती किंवा योग्य वाटेल ती अन्य कारवाई का करू नये? म्हणजे शिक्षांची सगळी यादीच. चौकशी झाली, १९४० मध्ये ते बडतर्फ झाले, लाहोरला दावा लागला. सरकार म्हणे, चौकशीत संधी दिली की. १८ मार्च १९४८ रोजी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, तोवर देशच दुभंगला होता आणि लाल यांच्यासमोर भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांचे उच्चायुक्त प्रतिपक्ष म्हणून उभे होते. निकालाचा गाभा असा, की आरोप तपासले जात असताना कोणतीही कारवाई ‘योजलेली’ नसते. आरोप सिद्ध झाले, शिक्षा तात्पुरती ठरली, की मगच कारण दाखवण्याची वेळ येते. हे तर हुबेहूब रूल नायसाय! न्यायमूर्तींनी त्याचे नाव घेतले नाही. पण त्या चार शब्दांचा अर्थ इतक्या सहज त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, याचे कारण त्यांनी उभा जन्म ‘रूल’ ऐकण्यात काढला होता, असे मी मानतो. लाल यांची बडतर्फी रद्द ठरली. थकलेला पगार मात्र मिळाला नाही. राजाकडे पगारासाठी दावा लागत नाही, म्हणून. ते दार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बिहारच्या अब्दुल मजीद प्रकरणात उघडले.

अशी जन्मली ‘दुसरी नोटीस’. राज्यघटनेच्या कलम ३११ ने १९३५ चे शब्द तसेच उचलले, आणि प्रत्येक बडतर्फीला दोन कारणे दाखवा नोटिसा लागू लागल्या: एक आरोपांवर, एक शिक्षेवर. दुसरी राहिली म्हणून चोख चौकशीसुद्धा कोर्टात पडे. सरकारे वैतागली. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कलमाचा मजकूर नव्याने लिहिला. दोन टप्पे स्पष्ट केले, दुसऱ्याला चौकशीतल्या पुराव्याच्या चौकटीत कोंबले. गंमत म्हणजे ‘कारण दाखवण्या’चा तो जुना वाक्प्रयोग कलमाच्या मुख्य वाक्यातून तेव्हाच गेला. कचेरीत आजही तो कुणाला माघारी बोलावता आलेला नाही. मग बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३ जानेवारी १९७७ पासून शिक्षेवरची संधी साफ काढून टाकली. त्याच दुरुस्तीने कलम ३२३-अ घालून प्रशासकीय न्यायाधिकरणांची सोय केली, म्हणजे एका हाताने नोटीस काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने दाद मागायला नवे दार दिले. त्यातून १९८५ चा कायदा आणि १९९१ मध्ये आपले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, आले. भरती, बढती, बदली, बडतर्फी, सगळे तिथेच; १९९७ नंतर त्यावर उच्च न्यायालयही.

दुसरी नोटीस मेली म्हणावी तर तसेही नाही. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचाच नाही आणि त्यावरून शिक्षा ठोकायची, हे सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही. १९९० च्या मोहम्मद रमझान खान निकालाने आणि १९९३ मध्ये घटनापीठाच्या करुणाकर निकालाने ठरले, की अहवालाची प्रत द्यायची आणि त्यावर म्हणणे ऐकायचे. शिक्षेवर बोलायचा हक्क गेला तो गेलाच. पण दोष सिद्ध झाल्याचा कागद हाती पडल्यावर आणि अखेरचा हुकूम निघण्यापूर्वी बोलायची जागा परत मिळाली. लाल यांच्या वेळची जागा जवळपास हीच होती.

मात्र करुणाकर निकालाने एक अट घातली. प्रत दिली नाही म्हणून हुकूम आपोआप पडत नाही. ती न मिळाल्याने नेमके काय नुकसान झाले ते दाखवावे लागते. नुकसान दिसले तरी प्रकरण अहवालाच्या टप्प्यापासून पुन्हा चालवण्यासाठी खात्याकडे परत जाते आणि कर्मचाऱ्याला त्या काळात निलंबित ठेवता येते. म्हणून मॅटमध्ये अहवालाच्या प्रतीचा मुद्दा घेणारा वकील आधी अशिलाकडून, ती प्रत मिळाली असती तर तो कोणत्या साक्षीवर बोट ठेवणार होता, हे लिहून घेतो.