पद्मिनीचा कार्ब्युरेटर : काढून टाकलेल्या भागांचा इतिहास

गेल्या मार्चमध्ये तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात आमची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी बॉनेट उघडं टाकून उभी होती. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवला, पेट्रोलच्या ट्रेमध्ये ब्रशने घासला आणि एकेक भाग जुन्या वर्तमानपत्रावर मांडत गेले. मांडता मांडता थांबले. म्हणाले, "साहेब, हा आधीच कुणीतरी साधा केलाय."

'साधा करणं' हा गॅरेजमधला शब्दप्रयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कार्ब्युरेटर उघडायचा, साफ करायचा, आणि परत जोडताना जे भाग 'कामाचे नाहीत' ते ट्रेमध्येच सोडून द्यायचे. आमच्या कार्ब्युरेटरवर ॲक्सिलरेटर पंपाचा दांडा नव्हता. आतला पडदा काढून तिथे पत्र्याची चकती बसवली होती. पंपातून पेट्रोल ज्या बारीक भोकातून उडतं, ते शिशाने बुजवलेलं होतं. काम सफाईदार होतं, करणाऱ्याचा हात बसलेला होता. म्हणजे त्याने हे पुष्कळ वेळा केलं असणार.

कुणी, केव्हा आणि का, या तीन प्रश्नांमागे मी दीड वर्ष हिंडलो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या सुट्या भागांची दुकानं, ऑपेरा हाउसकडची दुकानं, नवी मुंबईत स्थिरावलेले निवृत्त टॅक्सीवाले, सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. मोटारींचा इतिहास कारखान्यांच्या आणि मालकांच्या अंगाने लिहिला जातो. गाडी रस्त्यावर आल्यानंतर तिच्यातून काय काय काढलं गेलं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

कार्ब्युरेटरचं काम थोडक्यात सांगतो. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. हे तत्त्व इटलीच्या व्हेंचुरीने 1797 मध्ये मांडलं होतं. कमी झालेल्या दाबामुळे शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. इतकंच. पण इंजिन एका वेगाने चालत नाही. ते थंड असतं, तापतं, सिग्नलला घुटमळतं, घाट चढतं. या प्रत्येक प्रसंगासाठी मूळ नळीला एकेक जोड द्यावी लागली. पॅरिसच्या गुदार आणि मेनेसाँ या दोघा शाळूसोबत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'सोलेक्स' या नावाने कार्ब्युरेटर करायला घेतले, ते जगभर गेले. आपल्याकडे मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडमध्ये ते बनू लागले. पद्मिनीवर बसायचा तो सोलेक्स, 32 मिलिमीटरचा.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या निघाल्या, मग फियाट. 1964 मध्ये 'अकराशे डिलाइट' आली. फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी 1972 मध्ये 'प्रेसिडेंट' आणि 1974 मध्ये 'पद्मिनी' झाली. 1089 सीसीचं इंजिन, साधारण 40 अश्वशक्ती. लोकांनी नाव बदललं नाही. शेवटपर्यंत ती फियाटच राहिली.

ही 1973-74 ची सालं ध्यानात ठेवायची. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेला. ज्या वर्षी पद्मिनीला नाव मिळालं, त्याच वर्षी तिचं पेट्रोल परवडेनासं झालं. खाजगी मालकाने गाडी रविवारपुरती बाहेर काढायला सुरुवात केली. टॅक्सीवाल्याला ती सोय नव्हती.

आणि इथे ॲक्सिलरेटर पंप येतो. पाय दाबला की झडप एकदम उघडते, हवा झटकन आत शिरते, पेट्रोल मात्र हवेपेक्षा जड, ते मागे राहतं. क्षणभर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. ते अडखळू नये म्हणून पाय दाबताक्षणी एक छोटा पडदा पेट्रोलची पिचकारी मारतो. एका पिचकारीत पेट्रोल थेंबांच्या हिशेबात. पण कुलाबा ते शीव या रस्त्यावर टॅक्सीवाल्याचा पाय दिवसात किती वेळा दबतो, याचा हिशेब त्याच्याइतका कुणाला माहीत असणार? नेरुळला मुलाकडे राहणाऱ्या एका निवृत्त चालकाने मला तो करून दाखवला. सिग्नल, स्टॉप, हात दाखवणारी गिऱ्हाइकं, असं बोटांवर मोजत तो म्हणाला, "प्रत्येक वेळी हा चूळ भरून थुंकणार. माझ्या पैशाने." चूळ भरण्याची ही उपमा कुठल्याही तांत्रिक पुस्तकातल्या वर्णनापेक्षा अचूक आहे, असं माझं मत झालं आहे.

मग पंप काढायची पद्धत पडली. गाडी उठताना गचका खायची, पण सराईत चालक क्लच अर्धा धरून, पाय अगदी हळू दाबत ती उठवायचा. पंपाचं काम तो पायाने करायचा. 'साधा' केलेला कार्ब्युरेटर साधा झालेला नसतो. त्यातली गुंतागुंत यंत्रातून माणसात सरकलेली असते. ती अंगवळणी पडलेल्या माणसाच्या हातात गाडी ठीक चालते. दुसऱ्याच्या हातात?

पंपाबरोबर इतर गोष्टीही गेल्या. मेन जेटच्या भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभरांशात त्याच्यावर कोरलेलं असतं. एक माप खालचा जेट बसवायचा, नाही मिळाला तर आहे त्यातच तांब्याची बारीक तार सोडायची. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून सोलेक्सच्या बाजूला चकतीचं वेगळं स्टार्टर असतं. ते युरोपातल्या जानेवारीसाठी. मुंबईच्या जानेवारीत त्याची केबल गंजली की कुणी बदलत नसे, आणि पुढे चकतीचं तोंडच बंद करून टाकत. हे मात्र मला पटतं. ट्यूरिनला जे आवश्यक, ते तुर्भ्याला असेलच असं नाही.

अमेरिकेत अशी उचकाउचक उलट्या कारणाने झाली. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर तिथल्या कार्ब्युरेटरभोवती धूर आवरणाऱ्या नळ्या, झडपा आणि सोलेनॉइड यांचं जंगल माजलं. हौशी लोक दुरुस्तीच्या निमित्ताने ते सगळं उपटून भोकांवर पत्रे ठोकू लागले. त्यांच्या लेखी ते भाग अनावश्यकच होते, कारण त्यांचा उपयोग गाडीला नव्हताच, मागून येणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाला होता. आपल्याकडे हे जंगल थोड्या प्रमाणात मारुतीबरोबर आलं. पद्मिनीवर काढण्यासारखं तसं काही नव्हतं. तिच्यातून काढलं गेलं ते तिचं स्वतःचंच.

धुरावर याचा परिणाम काय झाला, याचं उत्तर सरळ नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा, गाडी जागेवर चालू असताना, तीन टक्के ठरवली. पेट्रोल तोडलेली गाडी या चाचणीत सहज पास होई! पातळ मिश्रणात मोनॉक्साइड कमीच निघतो. पण मिश्रण फारच पातळ झालं की ठिणगी पडूनही जळत नाही आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. त्यात काही जण रॉकेल मिसळत. मुंबईच्या हवेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 1999 च्या डिसेंबरात व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवण्याचे आदेश निघाले.

इथे 'साधा करणं' टोकाला पोचलं. सीएनजीच्या गाडीत गॅस एका मिक्सरमधून कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच हवेत मिसळतो. खालच्या सोलेक्समधली फक्त पायाने उघडणारी झडप कामाची उरली. फ्लोट, जेट, पंप, सगळं कोरडं. पेट्रोलचा स्पर्श नसला की आतले पडदे आणि गॅस्केट वाळून कडक होतात. जी टॅक्सी भंगारात जाई, तिचा कार्ब्युरेटर सीएसटी रोडवर येई, घासून चकचकीत होई आणि 'रिकंडिशन' म्हणून विकला जाई.

आता आमच्या गाडीकडे येतो.

26 जुलै 2005 ला वडील कुर्ल्याला कामासाठी गेले होते. गाडी दोन दिवस पाण्याखाली राहिली, ते स्वतः दुसऱ्या दिवशी चालत वाशी पूल ओलांडून घरी आले. त्या महिन्यात प्रत्येक गॅरेजबाहेर रांग होती. ज्याने गाडी दुरुस्त केली, त्याने मूळ कार्ब्युरेटरमध्ये चिखल गेला म्हणून दुसरा बसवला. तुर्भ्याच्या मिस्त्रींनी झडपेच्या दांड्याची झीज पाहून निदान केलं: हा टॅक्सीचा माल. आमची गाडी एवढी पळालेलीच नाही.

पण 2005 नंतर आमच्या घरात समज होता तो वेगळा. गाडी सिग्नलला गचके खाऊन बंद पडायची. पाम बीच रोडवर मागून हॉर्न वाजायचे. वडील तेव्हा पासष्टीचे. त्यांना वाटलं आपला पाय गेला, क्लचचा अंदाज राहिला नाही. आई म्हणे, सावकाश चालवा. मी म्हणे, बाबा, आता राहू द्या. हे मी एकदा नव्हे, पुष्कळदा म्हटलेलं आहे. 2008 च्या गणपतीत त्यांनी किल्ली टीव्हीवर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. परदेशी हिवाळ्यासाठीच्या चकतीबद्दल मी वर उदारपणे लिहिलं खरं. पंपाबद्दल तसं लिहायला हात धजत नाही.

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून आठवणींचा पूर आला. वडील म्हणाले, आपलीही विकून टाक. त्याऐवजी मी ती तुर्भ्याला नेली.

मिस्त्रींनी मला पर्याय दिला होता: आहे तसाच 'साधा' ठेवू, कटकट नाही, नाहीतर पंप शोधू. पंपाचा दांडा सीएसटी रोडवर मिळाला. पडदा नवा, कुणीतरी अजून बनवतं. भोकातलं शिसं मिस्त्रींनी बारीक ड्रिल हाताने फिरवत काढलं, त्याला पाऊण तास लागला. दिवाळीआधी गाडी नेरुळला सोसायटीत आणली. एअर फिल्टर मुद्दामच घरी काढला आणि वडिलांना खाली बोलावलं. त्यांना काठी घेऊन बॉनेटशी उभं केलं, मी आत बसलो आणि इंजिन बंद असतानाच पाय दाबला.

"दिसलं?"

"काहीतरी उडालं," ते म्हणाले. "पुन्हा दाब."

मी दाबला. ते आणखी वाकले. चष्मा सावरला.

"हे नव्हतं होय इतकी वर्षं?"

"नव्हतं."

मी तिसऱ्यांदा पाय दाबला. ते ताठ उभे राहिले.

"बस कर आता," म्हणाले. "पेट्रोल वाया जातंय."