मिरचीचे हिवाळी जतन

मिरचीचे हिवाळी जतन : थंड प्रदेशांत मिरचीचे झाड हिवाळ्यापुरते घरात आणून कृत्रिम प्रकाशात जगवण्याची व वसंतात पुन्हा बाहेर लावण्याची पद्धत. उत्तर युरोप, कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागातील हौशी बागकाम करणाऱ्यांत ती रूढ आहे.

मिरची (प्रजाती कॅप्सिकम, कुल सोलॅनेसी) ही मूळची उष्ण अमेरिकेतील बहुवर्षायू वनस्पती. हिमतुषाराने ती मरते, म्हणून थंड देशांत तिला एकहंगामी पीक मानतात. हाबानेरो, भूत जोलोकिया अशा वाणांची फळे लावणीनंतर पिकायला तीन-चार महिने लागतात; तिकडचा उन्हाळा त्यांना अपुरा पडतो. जतन केलेल्या झाडाची मुळे व खोड तयार असल्याने ते नव्या रोपाच्या आधी फुलते.

तयारी : रात्रीचे तापमान १०–१२° से.पर्यंत उतरू लागले की फळे तोडून घेतात. खोड व दोन-तीन फांद्यांचे १५–२० सेंमी. उंचीचे बेचके राखून बाकी सारे छाटतात. मुळांची माती धुऊन, कडेची मुळे कातरून झाड कोकोपीट व पर्लाइटच्या ताज्या मिश्रणात, लहान कुंडीत लावतात. मावा व पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूने घरात शिरत असल्याने पानेही काढून टाकतात.

प्रकाश व तापमान : डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहून, तर हेलसिंकीचा सहा तासांहून लहान असतो, खिडकीतला उजेड पुरत नाही. त्यामुळे दोन मार्ग उरतात. १०–१३° से. तापमानाच्या जागी, कमी उजेडात कुंडी जवळजवळ कोरडी ठेवल्यास झाड सुप्त राहते. वाढ चालू ठेवायची, तर १८–२४° से. तापमान आणि १५–३० सेंमी. अंतरावर पांढरे एलईडी दिवे रोज १२–१६ तास लागतात. ऊब आहे पण प्रकाश नाही, अशा स्थितीत फिकट, लांबुडके कोंब फुटतात; दिवा फार जवळ आला तर शेंड्याची पाने पांढुरकी पडतात.

निगा : पाणी जास्त झाल्यास मूळकूज होते व कुंडीत चिलटे माजतात. तापवलेल्या खोलीच्या कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पानांवर बारीक ठिपके व जाळी दिसताच खालच्या बाजूने सौम्य साबणाचे पाणी फवारतात. फुले स्वपरागित असली, तरी घरात वारा व कीटक नसल्याने फांदी हलकेच हलवावी लागते. वसंतात हिमतुषाराची भीती टळल्यावर ७–१० दिवस झाडाला थोडेथोडे ऊन दाखवतात. अन्यथा दिव्याखाली वाढलेली पाने करपतात.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हिमतुषार पडत नाही. परसातली मिरची छाटणी केली की दोन-तीन वर्षेही टिकते. मात्र बोकड्या (पाने आकसणारा विषाणुजन्य रोग) झालेले झाड कोठेही जतनासाठी निवडत नाहीत, कारण छाटणीने त्यातला विषाणू जात नाही.